भुईकाट्यावरचा प्रोग्राम

2013 सालची गोष्ट. एक मुलगी सी भाषेत प्रोग्राम लिहायची. भुईकाट्यावर पावती छापण्यासाठी तिनं एक छोटा प्रोग्राम केला. तिच्या नव्या लॅपटॉपवर तो झकास चालला. पेन ड्राइव्हवर घेऊन ती काट्यावर गेली.

तिथला संगणक जुना, सेंटओएस 5 या लिनक्सवरचा. प्रोग्राम सुरू करताच एकच ओळ आली : 'जीलिबसी_2.14' सापडली नाही. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या सी प्रोग्रामांना लागणारी मूळ लायब्ररी; तिची ही आवृत्ती तिथे नव्हती. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते.

घरी येऊन तिनं दुसरी वाट धरली. जीलिबसीऐवजी मसल नावाची सुटसुटीत लायब्ररी घेतली आणि प्रोग्रामच्या पोटातच बांधून टाकली. आता कुणाकडे काही मागायलाच नको. दुसऱ्या दिवशी काट्यावर वजन दिसलं, पण पावती निघेना. प्रिंटरचं नाव नेटवर्कवर कुठे शोधायचं हे सांगणारी फाइल जीलिबसी वाचते, मसल वाचत नाही.

हिरमुसून ती एका म्हाताऱ्या काकांकडे गेली.

"पहिल्या प्रोग्रामनं नेमकं काय मागितलं होतं?" काकांनी विचारलं.

तिनं तपासलं. "एकच फंक्शन. मेमकॉपी, मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारी."

काका खुर्ची ओढून बसले. "2010 मध्ये तिचा वेग वाढवला. ती कधी कधी शेवटाकडून नक्कल करू लागली. मेमरीतल्या एकमेकींवर येणाऱ्या जागांसाठी मेमकॉपी वापरू नये, हा नियम पहिल्यापासूनचा. फ्लॅश प्लेअरनं तो पाळला नव्हता, आणि लोकांची गाणी खरखरू लागली. चूक प्लेअरची होती, पण ऐकणाऱ्याचा काय दोष? म्हणून जीलिबसीच्या 2.14 आवृत्तीत दोन्ही मेमकॉपी ठेवल्या. जुन्या प्रोग्रामला सांभाळून घेणारी, नव्याला वेगवान."

"मग माझा का अडला?"

"तू नवी मागितलीस. 2007 सालच्या संगणकानं ती कुठून द्यायची?"

टेबलाखाली धूळ खात पडलेला एक जुना संगणक काकांनी बाहेर काढला. तोही सेंटओएस 5 वरचाच. त्याच्यावर तिनं तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, पुन्हा बांधला. सकाळी काट्यावर पावती निघाली. संध्याकाळी तीच फाइल तिच्या नव्या लॅपटॉपवरही चालली.

जीलिबसी मागच्यांना दिलेला शब्द वर्षानुवर्षे पाळते, म्हणून तिच्या पाठीवर जुन्या नावांचं ओझं साठत जातं. मसलनं ते घेतलं नाही, म्हणून ती हलकी राहिली. दोघींचंही आपापल्या जागी खरं आहे. मात्र मागे वळून पाहणं नव्यालाच जमतं. जुन्याला पुढचं दिसत नाही.

मुलीनं ओल्या फडक्यानं त्या जुन्या संगणकाची धूळ पुसली. काकांना म्हणाली, "हा इथंच, टेबलावर राहू द्या."