किंमत आणि शब्द

आमच्या नागपुरास समुद्र नाहीं. परंतु शहराच्या वेशीवरील जकातनाका जुन्या पिढीच्या स्मरणांत आहे. व्यापाऱ्यानें पुढें केलेलें बिल खरें कशावरून, हा तेथील नित्याचा वाद मुंबई बंदरांत मोठ्या रकमांचा होतो, इतकेंच. वाद जुनाच आहे. शुल्काच्या भयानें मालाचें मोल कमी सांगणाऱ्याकडून वरची रक्कम हिरावून घ्यावी, अथवा आठपट शुल्क घ्यावें, असा दंड कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगितला आहे.

परंतु स्वस्त तें खोटेंच काय? ट्रॅक्टर बनविणाऱ्या आयशर कंपनीनें जपानहून जुन्या साठ्यांतील बेअरिंगें आणविलीं. विक्रेत्यानें छापील दरावर शेंकडा ७७ सूट दिली होती. मुंबईच्या कस्टम्स अधिकाऱ्यांनीं ही किंमत नाकारली. पडून राहिलेला माल सूट देऊन काढणें ही व्यापाराची रीतच आहे; केवळ छापील दराहून कमी म्हणून प्रत्यक्ष दिलेली किंमत अमान्य करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं दिला.

येथें दोन प्रश्नांची गल्लत होते. वस्तूचें मोल काय, हा एक. आणि या गृहस्थानें दिलें किती, हा दुसरा. पहिल्याविषयीं मतें असूं शकतात. दुसऱ्याचें उत्तर एकच असतें. मात्र त्याचे साक्षीदार दोघेच, घेणारा आणि समुद्रापलीकडील देणारा. म्हणून अधिकाऱ्याचा संशय अनीतीचा नव्हे. २००७ च्या नियमांनीं त्याला संशयाचा अधिकार दिला आहे. परंतु आयातदारानें मागितल्यास संशयाचीं कारणें लेखी कळवून त्याचें म्हणणें ऐकण्याचें बंधनही घातलें आहे. हें मला कायद्याइतकेंच नीतीचें वाटतें. कारण न सांगतां घेतलेल्या संशयाला सज्जनही उत्तर देऊं शकत नाहीं.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी. ‘सरकारला थोडें बुडविलें तर बिघडलें काय?’ असें सुशिक्षितांच्या बैठकींतही हंसत म्हटलें जातें. वस्तुतः बुडतो तो रांगेंतील पुढचा मनुष्य. खोटें बिल दाखविणारा तिजोरीचें शुल्क चोरतो, आणि मागून खरें बिल घेऊन येणाऱ्याची पत चोरतो. तिजोरीची तूट पुढील वर्षीं कर वाढवून भरतां येते. शब्दावरील उडालेला विश्वास मात्र कोणत्याही अंदाजपत्रकानें भरून येत नाहीं.