वाकावे किती?

आमच्या पिंपळे सौदागरला पवना नदी आहे, पण तिच्यात डोलकाठीची होडी मी अजून पाहिलेली नाही. ती पाहिली रेवदंड्याकडच्या एका खाडीत. मशिनची लहानशी होडी. शीड कधीच गेलेले, काठी उरली ती दिव्यापुरती आणि झेंड्यापुरती. पुढे ठेंगणा पूल. भरतीला पाणी चढते, पूल काही चढत नाही! तांडेलमामांनी पुढचा दोर सैल सोडला, तशी काठी बुडाच्या खिळीवर हळूहळू मागे आडवी झाली.

"मामा, काठीला कमीपणा नाही वाटत?"

"बूड खिळीवर घट्ट हाय ना भाऊ? मग झुकली तर काय बिघडलं?"

मी सुखावलो. बँकेत वीस वर्षे मी हेच तर करतो! मागच्या महिन्यात दुसऱ्याची चूक शिपायाच्या माथी मारली गेली, तेव्हा मीही साहेबांच्या पुलाखालून असाच आडवा निघून गेलो.

एवढ्यात पूल मागे पडला. मामांनी दोर ओढला. काठी पुन्हा ताठ.

वाकलो ते चुकले का, हे मला अजून ठरवता येत नाही. पण पूल गेल्यावर दोर ओढायचा राहिला, एवढे खरे. शिपाई रोज चहा आणून देतो. मी तो मान खाली घालून पितो.