हसण्याचे उत्तरदायित्व

जे कृत्य प्रत्यक्षात घडले असता आपण भयाने थरारून जाऊ, तेच कृत्य एखाद्या कुशल कलावंताने विशिष्ट रीतीने पुढे मांडले की आपण मनमोकळे हसतो. या हसण्याचा नैतिक अर्थ काय? ती त्या कृत्याला दिलेली संमती आहे, की हसण्याला नीतीचे कोणतेच बंधन नाही?

जुन्या विचारवंतांनी या प्रश्नाला आपापल्या परीने स्पर्श केला आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते ज्या दोषाने कोणाला वेदना होत नाही वा कोणाचा नाश होत नाही, तोच दोष हास्यास्पद ठरतो. आपल्याकडे भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली. अभिनवगुप्ताने पुढे जाऊन कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, असे दाखविले. म्हणजे हास्याच्या मुळाशी अनौचित्य असते. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते, असे प्रतिपादन केले. ही मते परस्परांहून भिन्न असली तरी त्यांच्यापुढील उदाहरणे बहुतांशी निरुपद्रवी होती. आपल्या गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त तळीरामाचा विनोद मृत्यूच्या छायेत खेळविला खरा, परंतु सिंधूच्या मरणाला आपण हसत नाही. तेथे हास्य आणि शोक शेजारी शेजारी नांदतात, एकमेकांत मिसळत नाहीत. हत्या हाच विनोदाचा विषय झाला तर काय होते, याचे उत्तर शोधण्यास अन्यत्र जावे लागते.

१९४९ साली इंग्लंडमधील ईलिंग स्टुडिओने रॉबर्ट हेमर याच्या दिग्दर्शनाखाली ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’ नावाचा चित्रपट काढला. लुई मॅझिनी या तरुणाची आई एका उमराव घराण्यातली. तिने एका इटालियन गायकाशी लग्न केले म्हणून घराण्याने तिला टाकले, आणि मरणानंतर कुळाच्या दफनगृहात जागाही नाकारली. त्या अपमानाचा सूड म्हणून, आणि ड्यूकपद मिळावे म्हणूनही, लुई आपल्या वाटेतील वारसांना एकामागून एक दूर करतो. हे सर्व तो तुरुंगात बसून आत्मवृत्ताच्या रूपाने सांगत आहे. भाषा इतकी सभ्य, इतकी घोटीव की एखादा सद्‌गृहस्थ आपल्या बागेची हकीकत सांगतो आहे, असे वाटावे.

आपण हसतो ते कशामुळे? पहिले कारण हीच भाषा. मृत्यूचे नाव न घेता मृत्यूविषयी बोलण्याची सोय ती करून देते. दुसरे कारण सूडाचे. ज्या घराण्याने एका मातेची विटंबना केली, त्याविषयी आपल्या मनात प्रथमच रोष निर्माण झालेला असतो. तिसरे कारण सर्वांत मार्मिक आहे. त्या घराण्यातील आठही व्यक्ती अ‍ॅलेक गिनेस या एकाच नटाने रंगविल्या आहेत. एक मेला की दुसऱ्या वेषात तोच चेहरा पुन्हा पडद्यावर येतो. खरे म्हणजे कोणी मेलेच नाही, असे आपले मन स्वतःला सांगते. बर्गसाँने सांगितलेली बधिरता येथे अशी योजनापूर्वक आणलेली आहे.

तथापि त्या बधिरतेला एक चीर आहे. घराण्यातील एक तरुण आपल्या मैत्रिणीसह नावेत असताना लुई ती नाव सोडून देतो. ती बंधाऱ्यावरून कोसळते आणि दोघेही बुडतात. त्या मुलीचा घराण्याशी संबंध नाही. तिच्या वाट्याला गिनेसचा चेहराही आलेला नाही, त्यामुळे ती दुसऱ्या वेषात परत येत नाही. लुई तिच्याविषयी एक चतुर वाक्य बोलतो आणि पुढे जातो. आपणही हसतो आणि पुढे जातो. माझ्या मते चित्रपटाचा नैतिक मध्य येथे आहे. सूडाचे सर्व समर्थन या एका निरपराध मृत्यूपाशी कोसळते, आणि तरीही आपले हसू थांबलेले नसते. सभ्य भाषेने माणसाचे मरण किती सहज झाकता येते, याचा तो पुरावा आहे. तो लुईच्या विरुद्ध जितका आहे, तितकाच आपल्याही विरुद्ध आहे.

चित्रपटाचा शेवट प्रसिद्ध आहे. जी हत्या लुईने केलीच नाही, तिच्यासाठी त्याला फाशीची शिक्षा होते. ऐन वेळी तो निर्दोष ठरून सुटतो. बाहेर दोन गाड्यांत दोन स्त्रिया त्याची वाट पाहत असतात. इतक्यात एक वार्ताहर त्याला आत्मवृत्ताविषयी विचारतो, आणि आपला कबुलीजबाब कोठडीतच राहिला, हे त्याला आठवते. मूळ चित्रपट येथेच संपतो. पुढे काय झाले, हे प्रेक्षकाने ठरवायचे. अमेरिकेत मात्र हे चालण्यासारखे नव्हते. तेथील चित्रव्यवसायाची १९३० साली तयार झालेली आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आलेली नियमावली गुन्हेगाराला यशस्वी होऊ देत नसे. म्हणून तेथील प्रतीला काही क्षणांचे दृश्य जोडण्यात आले. त्यात ते हस्तलिखित सापडल्याचे दिसते. न्याय झाला, प्रेक्षक निश्चिंतपणे घरी गेले.

हा जोडलेला न्याय खरोखर नीतीची सेवा करतो काय? वरवर पाहता करतो. परंतु तासदीड तास मनमुराद हसलेल्या प्रेक्षकाला तो अखेरीस सांगतो की, दोषी पकडला गेला आहे, तुम्हांला आता विचार करण्याचे कारण नाही. लुईला शिक्षा होते आणि आपण सुटतो. उलट मूळ शेवट निकालपत्र कोरे ठेवतो, आणि ते लिहिण्याचे काम आपल्यावर सोपवितो. जी नियमावली प्रेक्षकाला न्यायबुद्धी नाही असे गृहीत धरते, ती त्याची न्यायबुद्धी निरुपयोगीही करून टाकते.

१९६८ साली ती नियमावली गेली. २००६ साली क्रायटेरियन या अमेरिकन संस्थेने हा चित्रपट घरी पाहण्यासाठी तबकडीवर प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ चित्रपटासोबत तो अमेरिकन शेवटही दिला. दोन्ही शेवट आता प्रेक्षकाच्या हाती आले. हे स्वातंत्र्य स्वागतार्ह असले तरी निर्धोक नाही. पानानंतर बडीशेप घ्यावी की सुपारी, अशा वृत्तीने कोणी न्याय निवडू लागला, तर न्याय ही केवळ रुचीची बाब होऊन बसेल. परंतु या घरगुती दर्शनाचा एक गुण चित्रगृहात नव्हता. चित्रगृहात आपले हसू शेकडो लोकांच्या हास्यात मिसळून जाते, त्याची जबाबदारी वाटली जाते, आणि चित्रपट तर थांबत नाही. घरी एकटा बसलेला माणूस आपले स्वतःचे हसू ऐकतो. तो चित्रपट थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो. त्या नावेतील मुलीकडे पुन्हा पाहू शकतो.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. हसणे ही संमती नव्हे. ते आपल्या इच्छेला न विचारताच येते, आणि अनिच्छेने घडलेल्या गोष्टीबद्दल कोणाला दोषी धरता येत नाही. परंतु हसल्यानंतरचा क्षण आपल्या इच्छेच्या कक्षेत असतो. आपण कशाला हसलो, आणि हसताना कोणाला विसरलो, हे विचारणे वा न विचारणे आपल्या हाती असते. हास्याचे उत्तरदायित्व तेथे सुरू होते. जो विनोद हा प्रश्न मागे ठेवून जातो, तो कितीही काळा असो, त्याला अनीतिमान म्हणता येणार नाही. आणि जो सदुपदेश तो प्रश्नच पुसून टाकतो, त्याला केवळ त्याच्या शुभ्रतेमुळे नीतिमान म्हणता येणार नाही.