अनध्याय आणि घरची शाळा

ज्या काळात वेदपठण बंद ठेवायचे, त्याला धर्मशास्त्रात अनध्याय म्हणतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात अशा अनध्यायांची लांबलचक यादी आहे. याज्ञवल्क्याने तर तात्कालिक अनध्याय मोजून 37 दिले आहेत. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे आज ज्या पेचात सापडतात, तो पेच या यादीच्या मुळाशी आहे: अभ्यास हा नित्यधर्म मानला, तर घरातल्या घडामोडींसाठी तो थांबवावा का?

यादी वाचताना एक नांदते घर डोळ्यांपुढे येते. रात्री वारा घोंघावत असेल, दिवसा धूळ उडत असेल, विजा कडाडून पाऊस कोसळत असेल, तर पाठ नाही. कोल्हा, कुत्रा, गाढव किंवा उंट ओरडत असेल, तरी नाही. भांडण चालू असताना, नुकतेच जेवण झाल्यावर, अजीर्ण झाल्यावर, धावताना, झाडावर वा नावेत बसलेले असताना नाही. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी आणि चतुर्दशी या सुटीच्या तिथी. शिष्ट पाहुणा घरी आला, तरीही पाठ बंद. यातल्या काही नियमांमागे नुसती अशुभाची भीती आहे. अमावास्येचे अध्ययन गुरूला मारते आणि चतुर्दशीचे शिष्याला, असे मनू सांगतो. पण बऱ्याच नियमांमागे शिकवण्याचा अनुभव दिसतो. वेद ऐकून, स्वर सांभाळून पाठ करायचा असे. गोंगाटात किंवा भरल्या पोटी स्वर चुकला, तर चूकच पाठ होऊन बसते. आणि पाहुण्याचे आगतस्वागत हाही गृहस्थाचा धर्मच होता, तो अभ्यासातला अडथळा मानलेला नाही.

वर्षाची आखणीही अशीच होती. श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेला उपाकर्म, म्हणजे अध्ययनाचा आरंभविधी, करून साडेचार महिने वेदाध्ययन चाले, मग पौष किंवा माघात उत्सर्जन, म्हणजे समाप्तीचा विधी, होई. त्यानंतर शुक्ल पक्षात वेद आणि कृष्ण पक्षात वेदांगे, असा क्रम मनूने दिला आहे.

या यादीवर पांघरूण घालता येणार नाही असा एक कलंक आहे. शूद्र जवळ असताना पठण करू नये, हाही तिच्यातलाच नियम. जे शिक्षण फक्त घराच्या आणि जातीच्या आत राहते, ते किती जणांना बाहेर ठेवते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. 1848 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मुलींसाठी शाळा काढावी लागली. घरच्या शिक्षणाची थोरवी सांगणाऱ्याने हे विसरू नये.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र परंपरेने विचारपूर्वक दिले आहे. रोजच्या स्वाध्यायाला, म्हणजे ब्रह्मयज्ञाला, हे अनध्याय लागू नाहीत. शतपथ ब्राह्मणाचे अकरावे कांड सांगते की गडगडाट होत असला तरी स्वाध्याय करावा, आणि अगदीच काही जमले नाही तर एखादी ऋचा तरी म्हणावी, म्हणजे व्रत खंडित होत नाही. मऊ बिछान्यावर पडून केलेला स्वाध्यायही तेथे तपच ठरतो. तैत्तिरीय आरण्यक ब्रह्मयज्ञाला दोनच अनध्याय मानते: माणूस स्वतः अशुद्ध असेल तेव्हा आणि जागा अशुद्ध असेल तेव्हा. मनूही आपल्या यादीच्या शेवटी हेच दोन कटाक्षाने पाळायला सांगतो. पाठ थांबू शकतो, पण विद्येशी असलेला रोजचा संबंध तुटता कामा नये, असा याचा अर्थ.

आजच्या घराला हा भेद जसाच्या तसा उपयोगी पडतो. गौरी-गणपतीत, दिवाळीच्या फराळाच्या धांदलीत, आजी इस्पितळात असताना किंवा घरात तान्हे बाळ आले असताना गणिताचा नवा धडा सुरू करण्यात अर्थ नसतो. शिकवणाऱ्याचेच चित्त ठिकाणावर नसते. त्या दिवसांत दोन पाने मोठ्याने वाचणे, पाढे म्हणणे, रोजनिशीत चार ओळी लिहिणे एवढे चालू राहिले तरी पुरते. परीक्षेची तारीख मात्र घरच्या अडचणी पाहत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीच्या परीक्षेला मूल बसणार असेल, तर सुट्यांचा हिशेब तिच्याकडे पाहूनच करावा लागतो. म्हणून घरी शिकवणाऱ्या आईवडिलांनी तासांचा तक्ता करण्याआधी दोन गोष्टी मुलांसोबत बसून ठरवाव्यात: नवा पाठ कोणत्या प्रसंगी बंद ठेवायचा, आणि कोणताही प्रसंग आला तरी रोज काय चालू ठेवायचे.