उन्हाने तापलेल्या सीटवर

हे मनन गाडीत बसून करायचे आहे, पण भर दुपारी नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४४ अंशांच्या घरात जातो. त्या वेळी बंद गाडीत बसणे जिवावर बेतू शकते. ऊन उतरू द्या. संध्याकाळी सातच्या सुमारास गाडीची चारही दारे उघडा, आत कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या आणि मग ड्रायव्हरच्या सीटवर बसा. इंजिन बंद असू दे. मोबाइल मागे ठेवा.

पाठ टेकवा. दोन्ही तळवे मांड्यांच्या बाजूला, सीटवर उपडे ठेवा. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

तळव्यांखाली काय जाणवते? दिवस मावळला, दाराचा पत्रा निवला, तरी सीट अजून कोमट आहे. फोममधून उष्णता सावकाश निघते, म्हणून दुपारचे ऊन अजून तिथे रेंगाळले आहे. ते आत कसे आले, याकडे थोडे लक्ष द्या. प्रकाश काचेतून शिरतो, डॅशबोर्ड आणि सीट तो शोषून तापतात, आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. बाहेर ४२ अंश असतील तेव्हा आतली हवा साठीच्या आसपास जाऊ शकते. थेट उन्हातला काळा डॅशबोर्ड त्याहून बराच वर चढतो. अशा दुपारी काळ्या सीटवर टेकवलेला हात आपोआप मागे येतो. बेल्टची धातूची बक्कल लहान मुलाच्या मांडीला लागली तर ते कळवळून रडते.

सीटला मात्र हात मागे घेता येत नाही. ते ऊन तिने दिवसभर सोसलेले असते.

आता लक्ष मनाकडे वळवा. सीटचा विचार केला की तिथे काय उमटते? बहुतेकांच्या मनात एक बारीक टोचणी असते. एवढे पैसे घालून लेदर घेतले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भेगा पडतील का? बाजूची कड आताच चकाकायला लागली आहे का? पोरांच्या बुटांचे डाग निघतील ना? या टोचणीला हाकलू नका. जे कष्टाने मिळवले त्याची काळजी वाटते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती काळजी समोर बसवा आणि तिला विचारा : तुला नेमके कशाचे भय आहे?

उत्तर येईपर्यंत हातांखालच्या वस्तूला ओळखू या. भारतात ‘लेदर सीट’ म्हणून विकले जाते त्यातले पुष्कळसे कातडे नसतेच. कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर चढवून ते बनते. कुशनवाले त्याला रेक्झिन किंवा लेदरेट म्हणतात. तुमच्या गाडीत काय आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवा. ते कातडे असेल तर त्याच्यामागे एक जनावर आहे, त्याचे जगणे आहे आणि त्याचे मरण आहे. त्यानंतर ते कमावणाऱ्याचे हात आहेत.

सोलापूरला हे हात परके नाहीत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्या जोडीला सोलापूर जिल्हाही आहे. त्या चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. झाडातला तुरटपणा कातड्याच्या तंतूंत शिरून बसतो आणि कुजणारी वस्तू वर्षानुवर्षे टिकणारी होते. गाडीच्या सीटचे कातडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा व संरक्षक लेपाचा थर असतो. ओल्या कच्च्या कातड्याला तापवले तर ते साधारण ६०-६५ अंशांना आक्रसते. सालीने कमावलेले ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरते, क्रोमचे १०० अंशांच्या आसपासही टिकते. हा टिकाऊपणा माणसांनी दुर्गंधीत, चुन्याच्या पाण्यात, हात पोळवून मिळवलेला आहे. ज्यांनी तो मिळवला त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, हेही आपल्या इतिहासात आहे. तळवा सीटवर आहे तोवर त्या हातांची आठवण करा. थोडा वेळ तिथेच थांबा.

या भागात कातड्याची एक कथा सांगतात. बाराव्या शतकातली, सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांच्या काळातली. बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला हरळय्या नावाचे शरण, म्हणजे शिवभक्त, चपला शिवीत. एकदा वाटेत त्यांनी शरणांचे पुढारी असलेल्या बसवण्णांना नमस्कार केला, तर बसवण्णांनी त्यांना दोनदा नमस्कार केला. एवढा मान आपण कसा फेडणार, या विचाराने हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्याच मांड्यांचे कातडे काढून जोडे शिवले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, मस्तकी धरले.

कथा ऐकताना आपला जीव दचकतो, आणि दचकायलाच हवे. कातडे कुणाच्या तरी अंगावरून येते, ही गोष्ट ती आपल्याला विसरू देत नाही. पण आपल्यासाठी तिच्यात एक भेदही आहे. काही वस्तू मस्तकी धरायच्या असतात, काही वापरायच्या असतात. हरळय्यांनी बाकी आयुष्यभर जे जोडे शिवले, ते लोकांनी पायात घालून चालावे म्हणूनच शिवले. त्या जोड्यांचा मान त्यांच्या चालण्यात होता. तुमच्या हाताखालची सीट दुसऱ्या प्रकारातली आहे. तिचा मान राखायचा तर तिच्यावर बसायला हवे.

आता टोचणीकडे परत या. झीज म्हणजे काय, हे हाताने पाहा. उजवा हात सीटच्या बाहेरच्या कडेवरून, दाराकडच्या फुगीर भागावरून हळू फिरवा. चढता-उतरताना तुमचे सगळे वजन याच कडेवरून सरकते. इथली चकाकी, इथल्या बारीक सुरकुत्या म्हणजे तुमच्याच येण्याजाण्याची नोंद. तुळजापूरला नवरात्रात गेलात, पंढरपूरला आईला घेऊन गेलात, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात नेलेत, ते सगळे इथून चढून-उतरून. ही झीज कामाची आहे. सीट आपले काम करते आहे, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी झीज वेगळी. ती तुम्ही बसलात म्हणून होत नाही. गाडी रोज उघड्या उन्हात उभी राहिली म्हणून होते. बाजूच्या काचांतून येणारे अतिनील किरण रंग उडवतात. उष्णतेने कातड्यातला ओलावा जातो आणि लवचिकपणा कमी होतो. पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू उडून जाते, मग ते ताठते आणि वाकवले की तडकते. उन्हाळ्यात अंगाला डसणारी आपली कोरडी धूळ सीटवर बसते, आणि तिच्यावर सरकणारा माणूस तिला काचकागदासारखी घासतो. घामातले मीठ शिलाईच्या खाचेत साचते. ही नासाडी आहे, आणि ती कुणाच्याही कामाला येत नाही.

दोन्हीवर एकेक श्वास द्या. पहिलीवर नजर ठेवा आणि तिला राहू द्या. दुसरीवर नजर ठेवा आणि स्वतःला विचारा : इथे माझ्या हातात काय आहे?

हातात बरेच आहे आणि ते साधे आहे. गाडी लिंबाच्या सावलीत लावायची. त्यासाठी चार पावले जास्त चालावे लागले तर चालायचे. काळ्या फिल्मचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केला. तेव्हा उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून सनशेड लावायचे आणि सीटवर जाड सोलापुरी चादर टाकायची. सुती चादर ऊन अडवते, घाम टिपते आणि धुऊन पुन्हा टाकता येते. सीटमधूनच एअरबॅग उघडत असेल तर ती बाजू गाडी चालवताना झाकायची नाही. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने शिलाईतली धूळ आधी काढायची, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचे आणि सावलीत सुकू द्यायचे. खोबरेल तेल लावायचे नाही. वरच्या लेपातून ते फारसे आत जात नाही, चिकटपणा राहतो आणि धूळ धरते. थिनर, स्पिरिट तर नकोच. व्हेंटिलेटेड सीट असेल तर तिच्या बारीक छिद्रांत क्रीम भरू द्यायचे नाही. हवा तिथूनच यायची असते.

एवढी यादी मनात फिरली की टोचणी सैल होते का, पाहा. भय जेव्हा आठवड्याचे एक लहान काम होते, तेव्हा त्याचा बराचसा भार उतरतो.

सोलापूरहून शिकून बाहेर गेलेली कितीतरी मुले आज टोरांटोत, शिकागोत गाडी चालवतात. तिथे हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. हिवाळ्यात लेदरची सीट बर्फासारखी लागते आणि बटण दाबले की ती तापते. १९६६ साली कॅडिलॅकने ही सोय देऊ केली; १९७०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने ती आपल्या गाडीत आणली. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये तारेची किंवा कार्बन धाग्यांची पातळ जाळी असते, थर्मोस्टॅट तिला आवरून धरतो. बटण रोज दाबले तर लेदर लवकर खराब होईल, म्हणून थंडीत कुडकुडत जाणारे लोक आहेत. त्यांना शांतपणे सांगावेसे वाटते : ती जाळी सीटला साधारण अंगाच्या उबेइतकी किंवा थोडी जास्त तापवते. सोलापूरच्या एका मे महिन्यात उघड्यावर लावलेल्या गाडीची सीट त्याहून कितीतरी जास्त सोसते. बटण दाबा. फक्त सीटवर गुडघा रोवून मागचे सामान काढू नका, कारण एका जागी आलेल्या भाराने आतली तार तुटू शकते. आणि मधुमेहामुळे ज्या वडीलधाऱ्यांच्या कातडीला चटका कळत नाही, त्यांच्यासाठी ते बटण बंद ठेवा. सीटच्या कातड्याआधी माणसाच्या कातडीची काळजी.

हे शेवटचे वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणा. मग मागच्या सीटकडे वळून पाहा. तिथे कोण बसते? तुमच्या धाकाने कुणी आखडून बसते का? खाऊ सांडेल म्हणून नातवंडाला दटावले जाते का? चपलेला माती आहे म्हणून बाहेर थांबलेले कुणी, बोलावले तरी संकोचाने ‘नको, राहू द्या’ म्हणते का? सीट जपताना माणूस दुरावला असेल, तर सगळ्यात महागाची झीज तिथे झाली आहे. ती कोणत्याही कुशनवाल्याकडे भरून येत नाही. हे ओळखताना स्वतःला दोष देत बसू नका. नाव घ्या, चेहरा आठवा, आणि त्या माणसाला पुढच्या वेळी मोकळेपणाने बसवायचे ठरवा.

या मननाला एक कृती जोडायची आहे. पुष्कळ नव्या गाड्यांच्या सीटवर कारखान्यातले प्लॅस्टिक महिनोन्‌महिने तसेच असते. ते धुळीपासून वाचवते असे वाटते, पण उन्हात त्याच्याखाली उष्णता आणि दमटपणा कोंडतो, वर बसणारा घामेजतो, घसरतो. ज्या सीटवर कधी कुणी नीट बसलेच नाही, तीही उन्हाने म्हातारी होतेच. वय दोघींचे सारखेच वाढते. एकीच्या वाट्याला माणसे आली, दुसरीच्या वाट्याला आली नाहीत, एवढाच फरक.

तुमच्या गाडीत असे प्लॅस्टिक असेल तर ते आज काढा. नसेल, तर मनात जे असेल ते काढा. मग घरात जाऊन आईला, आजीला, शेजारच्या काकांना विचारा, येत्या गुरुवारी अक्कलकोटला येता का म्हणून. पहाटे निघा म्हणजे ऊन लागणार नाही. पोहोचल्यावर सावली शोधून गाडी लावा, परत आल्यावर धूळ झटका. सीटला आपल्याकडून हवे ते एवढेच : बसणारी माणसे, थोडी सावली आणि आठवड्याला एक फडके.