दुसऱ्या जोडाची खोड

पहिल्यांदा मी एकटाच गेलो होतो, ही चूक आधीच कबूल करून टाकतो.

फ्लॅटचा शेवटचा हप्ता फिटला त्या महिन्यात मनात आलं, आता चांगले स्पीकर घ्यायचे. माझं बालपण मिरजेत गेलं. तिथे गाणं न ऐकता मोठं होणं कठीण. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने रात्रभर जागणारं गाव ते. पण सगळं ऐकलं ते आधी घरच्या रेडिओवर, मग टेपरेकॉर्डरवर, पुढे कॉम्प्युटरच्या डब्यांवर. साठी जवळ आल्यावर एकदा नीट ऐकावं, एवढीच इच्छा.

पुण्यातल्या त्या दुकानात मागच्या बाजूला एक खास खोली होती. भिंतींना जाड पडदे, खाली गालिचा, मधोमध एकच सोफा. दुकानदाराने मला तिथे बसवलं, दिवे मंद केले आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावलं. ईगल्स बँडने 1994 साली लाइव्ह वाजवलेलं, सुरुवातीला नुसती गिटार, मग टाळ्या, मग पोटात धपकन बसणारा ढोल. स्पीकर दाखवायला देशोदेशीच्या दुकानांत हेच गाणं लावतात, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी फक्त थक्क झालो. गिटारची तार कानाशी लखलखत होती, ढोलाने सोफा हलत होता. मी चार जोड्या ऐकल्या आणि जिचा लखलखाट सगळ्यात जास्त ती घेतली. बहात्तर हजार रुपये.

“सर, तुमचा कान चांगला आहे,” दुकानदार म्हणाला. मला ते खरं वाटलं.

घरी आल्यावर किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला. डग्गा दार आपटल्यासारखा वाजत होता, आणि बाई मात्र दोन खोल्या पलीकडे उभ्या राहून गात असाव्यात असं वाटत होतं. म्हटलं, खोलीचा दोष असेल. पडदे लावले, सतरंजी घातली, सोफा सरकवला. ही म्हणाली, “एवढं फर्निचर तर लग्नात पण हललं नव्हतं.” पंधरा दिवसांनी लक्षात आलं, की मी गाणं पूर्वीपेक्षा कमी ऐकायला लागलोय. अर्ध्या तासात कान शिणायचे आणि मी उठून बातम्या लावायचो.

त्याच सुमाराला चाचा पुण्याला आले.

चाचा म्हणजे आमच्या मिरजेच्या गल्लीतले तानपुरे करणारे. नात्याचे नाहीत, पण माझ्या वडिलांचा गायनाचा वर्ग त्यांच्या दुकानासमोर होता, त्यामुळे नात्यापेक्षा जवळचे. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेतले शिकलगार वाद्यांकडे वळले. मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे आणून वाळवायचे, दांडी जोडायची, तारांखालची घोडी घासायची, हे काम तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. 2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. “चिठ्ठी मिळाली म्हणून तार गोड वाजत नाही,” एवढंच म्हणाले.

कोथरूडच्या कुणा गायिकेचा तानपुरा पोचवायला ते कोयना एक्स्प्रेसने आले होते. परत जाण्याआधी आमच्याकडे मुक्काम. मी मोठ्या हौसेने स्पीकर लावले. चाचांनी बशीतला चहा संपवला, थोडं ऐकलं आणि विचारलं, “बाळ, हा तबलजी गायकावर रागावलाय का रे?”

मी दुकानाची सगळी हकीकत सांगितली. ते इंग्रजी गाणं, तो ढोल, तो लखलखाट. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ते गाणं तू आधी किती वेळा ऐकलं होतंस?”

“कॉलेजात, चार-पाच वेळा.”

“आणि ती गिटार मुळात कशी वाजते, ठाऊक होतं तुला?”

मी गप्प.

“मग तुला ते वाजतंय कसं हे कळलं. वाजायला कसं पाहिजे होतं, ते कुठनं कळणार?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. महिन्याच्या आत आणलेला माल दुकानदार बदलून देत असे, दहा टक्के कापून. त्याने तोंड वाकडं केलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. चाचांना सोफ्यावर बसवून त्याने पुन्हा तेच गाणं लावलं. चाचांनी मान डोलावली. “झकास आहे. आता आमचं लावा की.”

आमचं म्हणजे काय, हा प्रश्न आला. मी हुशारी करून मोबाइलवर खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड शोधली. तीन-साडेतीन मिनिटांची, दर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणारी, खरखरीसकट. चाचांच्या घरात दर्ग्याखालोखाल जर कशाला मान असेल, तर त्या आवाजाला. पहिल्या सुरालाच त्यांचे डोळे मिटले. दुकानदाराने जोड्या बदलल्या, एक, दोन, तीन. चाचांचे डोळे काही उघडेनात.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, “बंद करा. ह्याचा उपयोग नाही.”

“का चाचा? याहून ओळखीचं काय आहे तुम्हाला?”

“ओळखीचं नाही रे, लाडकं आहे. नातवाच्या मोबाइलवर वाजलं तरी मला असंच होतं. ह्यात तुमच्या स्पीकरची परीक्षा होईना, माझीच व्हायला लागली.”

मला हे आजही विशेष वाटतं. ओळखीचं गाणं घेऊन जा, असा सल्ला कुणीही देतो. पण जिवापाड आवडणाऱ्या गाण्यात जे वाजत नाही तेही आपणच मनातल्या मनात भरून काढतो, हे सहसा कुणी सांगत नाही. शिवाय त्या काळच्या रेकॉर्डवर खालची गाज आणि वरची झळाळी मुळातच फार कमी उतरलेली. जे तिथे नाहीच, ते कुठला स्पीकर वाजवणार?

मग हिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. तिच्या शिकवणीच्या मुलींसाठी तिने मागच्या वर्षी एका छोट्या स्टुडिओत वीस मिनिटांचा रियाज रेकॉर्ड करून घेतला होता. तानपुरा आणि आवाज, बाकी काही नाही. तानपुरा 1998 सालचा, चाचांच्या हातचा. आणि आवाज तोच, जो मला रोज सकाळी दुधाची पिशवी आत घ्यायची आठवण करतो.

दुकानदार हसू दाबत होता. मलाही संकोच वाटला, लाखाच्या मशीनवर बायकोचे पलटे लावायचे म्हणजे! पण नंतर आठवलं. एमपी3 घडवणाऱ्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग या जर्मन संशोधकानेही असंच केलं होतं. त्याने सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ निवडलं, ज्यात एक बाई कुठल्याही वाद्याविना गाते, आणि ते पुन्हा पुन्हा ऐकून आपली रीत सुधारत नेली. गर्दीच्या संगीतात खपून जाणारी चूक एकट्या आवाजात लपत नाही.

तानपुरा सुरू झाला आणि चाचा सोफ्यावर पुढे सरकले. आता डोळे उघडे होते, आणि नजर दुकानदाराच्या अंगठ्यावर.

“तुम्ही जोडी बदलली की रिमोट दाबता. का हो?”

दुकानदार जरा गडबडला. “काही जोड्या जात्याच हळू वाजतात, चाचा.”

“मग सगळ्यांचा आवाज सारखा करून घ्या. दोन तानपुरे पारखायचे असले तर मी आधी दोन्ही एका सुरात लावतो. एक चढा, एक उतरा ठेवून गिऱ्हाइकाला दाखवले, तर चढाच गोड लागणार.”

हे मात्र विज्ञानानेही मान्य केलेलं आहे. 1933 साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि वाढवला की ते भरून येतात. म्हणजे जे थोडं मोठ्याने वाजतं तेच भरदार वाटतं. मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं आणि प्रत्येक जोडी एका आकड्यावर आणून ठेवली. नुसत्या एवढ्यानेच दोन महागड्या जोड्यांचा तोरा उतरला.

आता खरी मजा. माझ्या बहात्तर हजारांच्या जोडीवर तानपुरा भव्य वाजत होता. खर्ज घुमत होता, तारांचा झंकार चमकत होता. चाचा म्हणाले, “गंधार कुठाय?”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तानपुऱ्याला चार तारा, पंचम, दोन जोड आणि खर्ज. गंधाराची तार नसतेच. पण तानपुरा नीट लागला, की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. ही काळी चारमध्ये गाते. तिचा खर्ज सेकंदाला सुमारे 104 कंपनांचा, आणि हा गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे साधारण 520 कंपनांवर. बरोबर मधल्या पट्टीत. माझ्या लखलखत्या स्पीकरने खालचं फुगवलं होतं, वरचं उजळवलं होतं आणि ही मधली पट्टी दाबून ठेवली होती. किशोरीताई दोन खोल्या पलीकडे का गेल्या होत्या, ते मला तिथे कळलं. माणसाच्या गाण्याचा बराचसा संसार त्याच पट्टीत चालतो.

दुकानदार माझ्या कानात हळूच म्हणाला, “सर, या वयात हाय फ्रिक्वेन्सी ऐकूच येत नाहीत हो.”

चाचांना ते मात्र नेमकं ऐकू गेलं. “खरं आहे. डोळ्यांना पण दिसत नाही आता. तरी गर्दीत स्वतःचं पोरगं ओळखतोच की मी.”

तिसऱ्या जोडीवर गंधार आला. चौथीवरही आला. चौथी दिसायला अगदी सामान्य, लाकडाच्या रंगाची दोन खोकी, किंमत शेहेचाळीस हजार. दुकानदाराने ती कोपऱ्यातून काढली होती, बहुधा आमची तोंडं बंद करायला. त्यावर चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, खोलीबाहेर गेले, काउंटरच्या पलीकडे उभे राहून उघड्या दारातून ऐकलं, परत आले. मग हिच्याकडे वळून म्हणाले, “बेटी, दुसरा जोड पुन्हा दाबून बोलतोय. मला कळवलं नाहीस ते?”

ही ओशाळली. “गेल्या वर्षीपासून जरा वाटतंय, चाचा. पण घरी लक्षात राहत नाही.”

मला काहीच समजेना. मग चाचांनी समजावलं. त्या तानपुऱ्याच्या घोडीत दुसऱ्या जोडाखाली एका जागी हाड थोडं मऊ निघालं होतं. तिथे तारेची खाच लवकर पडते. मग जवारी, म्हणजे तारेची गुंज, बिघडते. पहिला जोड छेडला की फुलत जातो, दुसरा फुलता फुलता मध्येच तोंड मिटतो. दोऱ्याने थोडं सावरतं, पण चार-पाच वर्षांनी घोडी घासावीच लागते. दर वेळी त्यांनीच ती घासली आहे. ही खोड जगात तीन माणसांना ठाऊक. करणाऱ्याला, गाणारीला, आणि आता मला.

“ह्या पहिल्या तिन्ही डब्यांवर मी ती शोधत होतो,” चाचा म्हणाले. “लपली होती. ह्यावर निघाली.”

मी पुन्हा ऐकलं. डोळे मिटायचा मोह टाळून ऐकलं. पंचम, जोड, जोड, खर्ज. दहा-बारा आवर्तनं गेली आणि एकदम सापडलं. दुसरा जोड खरंच किंचित लवकर विझत होता. आणि एकदा सापडल्यावर ऐकू न येणं शक्य नव्हतं. मागोमाग हिचा आवाज लागला तो अगदी समोरून, सोफ्यापासून चार हातांवरून. त्यात तो बारीक श्वासही होता, जो ती वरच्या षड्जाआधी चोरून घेते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी तो श्वास ओळखतो.

“चाचा, अजून दोन महागाच्या ऐकून बघायच्या?” दुकानदाराने शेवटचा प्रयत्न केला.

“आज नको. कान दमले की सगळंच गोड लागतं नाहीतर सगळंच कडू. आता चहा पाजा.”

दुकानदार म्हणाला, “पण सर, खरं सांगू? ज्यात दोष जास्त ऐकू येतो ती जोडी घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं.” तो टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मात्र जाता जाता त्याने हिच्याकडे ती फाइल मागून घेतली. हिने दिली नाही. म्हणाली, “तुम्ही तुमच्या घरातलं कुणाचं तरी करून घ्या.”

बहात्तर हजारांतले दहा टक्के म्हणजे सात हजार दोनशे गेले. उरलेले अठरा हजार आठशे परत मिळायला तीन आठवडे आणि पाच फोन लागले. चौथी जोडी दिवाणखान्यात आहे. सोफा पुन्हा मूळच्या जागी आलाय. तानपुरा गवसणीत घालून दाराशी ठेवलाय. शनिवारी आम्ही मिरजेला निघालोय, घोडी घासून घ्यायला.