सोंग आणि सत्य

१९७४ सालीं अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यांत मुलें योद्धे किंवा मांत्रिक बनून कल्पित जगांत वावरत; तीं वास्तवाला पारखीं होतील, अशी धास्ती पुढें तेथील पालकांना वाटूं लागली.

नाशिक जिल्ह्यांतील पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा होतो. शेतकरी मुखवटा चढवून देव वा दैत्य होतो. रात्रभर संबळ वाजतो, देवाच्या सोंगापुढें लोक हात जोडतात. उजाडतांच मुखवटा उतरतो आणि तोच मनुष्य आपल्या कामाला लागतो. सोंग कोठें संपतें, हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें.

भ्रम मुखवट्यांत नाहीं. तो उतरविण्याची वेळ विसरण्यांत आहे. अधिकाराचें किंवा प्रतिष्ठेचें सोंग आपण तर मुलांसमोर, घरांतही उतरवीत नाहीं. मग वास्तवाला पारखें कोण झालें?